रोमन आकडे वाचणारा प्रोग्राम: पंचवीस मिनिटांचं काम आणि पुढचे अठरा दिवस

७ मार्च

एक जुनी ग्रंथसूची हाती आली आहे. कधीकाळी टाइपरायटरवर केलेली, नंतर कोणीतरी स्कॅन करून तिचा मजकूर काढलेला. एकूण २,३१६ ओळी, आणि खंड क्रमांक व प्रकाशनवर्ष हे दोन्ही रकाने बहुतेक रोमन आकड्यांत. क्रमवारी लावायची तर आधी त्यांचे साधे आकडे करायला हवेत. तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) मिळतात हे माहीत होतं, पण एवढ्याशा कामाला कशाला, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःच लिहायला बसले.

या नोंदींत रोमन अक्षरं उच्चाराप्रमाणे लिहिते आहे: आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००. म्हणजे आय-व्ही हे ४ आणि व्ही-आय हे ६.

पद्धत सगळे वापरतात तीच. डावीकडून एकेक अक्षर घ्यायचं. पुढचं अक्षर मोठं असेल तर हातातलं वजा करायचं, नाहीतर मिळवायचं. पहिल्याच रनला इंडेक्स एरर आला, कारण शेवटच्या अक्षराला ‘पुढचं’ नसतंच. किमतींच्या यादीच्या शेवटी एक शून्य चिकटवलं आणि प्रश्न मिटला. चौदा ओळी, पंचवीस मिनिटं. दहा टेस्ट लिहिल्या, दहाही पास. १९९९ म्हणजे एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स हेसुद्धा बरोबर आलं. खूश होऊन लॅपटॉप मिटला.

८ मार्च

पूर्ण फाइल चालवली. वर्षाच्या रकान्यात पहिल्याच पानावर की एरर (कोष्टकात नसलेलं अक्षर) आला, कारण तिथे ‘साल नाही’ या अर्थाची लॅटिन अक्षरांची खूण होती. म्हटलं, मजकूर आधी जरा साफ करून घेऊ. टिंबं काढली, रिकाम्या जागा काढल्या, सगळी अक्षरं मोठी केली, अनोळखी अक्षर आलं तर ओळ वगळली. एरर थांबले. आकडे भराभर आले आणि सगळे दिसायला शहाण्यासारखे होते.

दुपारी एक १५ खंडांचा संच सहज उघडून पाहिला. त्यात खंड १ ते ४ नाहीत. १५ पण नाही. खंड ६ ते १० मात्र प्रत्येकी दोनदा. आधी वाटलं, सूची करणाऱ्यानेच घोळ घातलाय. मग मूळ ओळ पाहिली. तिथे लिहिलं होतं: व्ही, टिंब, रिकामी जागा, एक्स-आय-आय. म्हणजे ‘व्हॉल्यूम १२’. मी टिंब आणि जागा खाऊन टाकल्यावर उरलं व्ही-एक्स-आय-आय. प्रोग्रामने व्ही वजा केला, एक्स मिळवला, दोन आय मिळवले आणि निमूटपणे ७ दिले.

पूर्ण संचाचं कागदावर मांडून पाहिलं तर चित्र मजेशीर निघालं. खंड १ चे झाले ६, २ चे ७, ३ चे ८, असं करत ९ चे १४. मग खंड १० चे एकदम ५, ११ चे ६, आणि पुन्हा चढत १५ चे १०. एकही एरर नाही, एकही वेडावाकडा आकडा नाही. सगळे खंड एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले. असे संच फाइलभर पसरलेले आहेत आणि क्रमवारी लावून झालेली फाइल मी त्याच नावाने सेव्ह केली होती. मूळ प्रत दुसऱ्या डिस्कवर सापडली म्हणून वाचले. साडेचार तास गेले.

आता नियम ठरवला: मूळ रकान्याला हात लावायचा नाही, उत्तर शेजारच्या नव्या रकान्यात. आणि साफसफाई करताना काहीही खायचं नाही, फक्त तुकडे पाडायचे. टिंब किंवा जागा दिसली की तिथे तोडा, आणि सुरुवातीला सुटा व्ही असेल तर तो ‘व्हॉल्यूम’चा, आकड्याचा नाही.

९ मार्च

खरं दुखणं कालच्या टिंबात नव्हतंच. माझा प्रोग्राम कधी ‘नाही’ म्हणत नाही. सात अक्षरांपैकी काहीही द्या, कोणत्याही क्रमाने, तो उत्तर देतो. आय-सी दिलं तर ९९. व्ही-एक्स दिलं तर ५. रिकामी ओळ दिली तर शून्य.

म्हणून आज रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते पाहणारं सूत्र. सुरुवातीला जास्तीत जास्त तीन एम. मग शतकांचा गट: सी-एम, किंवा सी-डी, किंवा असला तर एक डी आणि मागे तीनपर्यंत सी. तसाच दशकांचा, तसाच एककांचा. वजाबाकीच्या जोड्या फक्त सहा: आय-व्ही, आय-एक्स, एक्स-एल, एक्स-सी, सी-डी, सी-एम. या नियमांत सर्वांत मोठा आकडा ३,९९९. सर्वांत लांब मात्र ३,८८८, पंधरा अक्षरांचा. रकान्याची रुंदी ठरवताना उपयोगी पडतं.

दोन ठिकाणी आपटले. एक, या एक्स्प्रेशनमधला प्रत्येक भाग ऐच्छिक आहे, त्यामुळे रिकामी ओळही पास होते. लांबीची वेगळी तपासणी घालावी लागली. दोन, पायथनमध्ये शेवट दाखवणारं डॉलरचं चिन्ह ओळ संपल्याच्या खुणेच्या आधीही जुळतं. फाइलमधून थेट आलेल्या ओळींच्या शेपटीला ती खूण होती आणि त्या बिनधास्त पास होत होत्या. डॉलर सोडून फुलमॅच वापरलं, त्यात अख्खा मजकूर जुळावा लागतो.

मग उलटा प्रोग्राम लिहिला, साध्या आकड्याचा रोमन करणारा. तेरा ओळींचं कोष्टक: १०००, ९००, ५००, ४०० असं खाली १ पर्यंत. वरून सुरुवात करायची, जितक्या वेळा बसेल तितक्या वेळा काढायचं. हे दहा मिनिटांत झालं आणि पहिल्याच फटक्यात चाललं. १ ते ३,९९९ सगळे आकडे रोमन करून परत वाचले, सगळे जुळले.

रात्री एक गंमत केली. सात अक्षरांच्या, एक ते सहा लांबीच्या, शक्य तेवढ्या सगळ्या माळा बनवल्या. १,३७,२५६ भरल्या. त्यातल्या नियमात बसणाऱ्या निघाल्या १,३०८, म्हणजे शंभरात एकही पूर्ण नाही. आणि माझा शनिवारचा चौदा ओळींचा प्रोग्राम सगळ्याच्या सगळ्या १,३७,२५६ माळांना उत्तर देत होता.

कालचा संच या कडक तपासणीतून काढला. पंधरापैकी बारा खंड पकडले गेले. खंड १, २, ३ निसटले, कारण ‘व्ही’ला चिकटल्यावर त्यांचे ६, ७, ८ होतात आणि ते अस्सल रोमन आकडे आहेत. प्रोग्रामला देण्याआधी जे खाऊन टाकलं, ते कोणतीही तपासणी परत आणून देत नाही.

११ मार्च

कडक तपासणीत १८७ ओळी अडकल्या. त्या हाताने पाहायच्या तर रेग्युलर एक्स्प्रेशन फक्त ‘जुळत नाही’ एवढंच सांगतं. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही.

म्हणून ते काढून टाकलं. नवी युक्ती अशी: ढिसाळ पद्धतीने किंमत काढा, त्या किमतीचा रोमन आकडा बनवा, आणि तो मूळ मजकुराशी ताडून पाहा. जुळला तर शुद्ध, नाही तर दोन्ही शेजारीशेजारी दाखवा. कोड कमी झाला आणि संदेश माणसासारखा आला: ‘लिहिलंय आय-सी, ९९ म्हणायचं असेल तर एक्स-सी-आय-एक्स’.

दोन्ही पद्धती त्याच १,३७,२५६ माळांवर भिडवल्या. ३९ ठिकाणी मतभेद, आणि त्या सगळ्या माळा चार किंवा जास्त एमने सुरू होणाऱ्या. कारण लगेच कळलं. माझा उलटा प्रोग्राम ४,००० साठी खुशाल चार एम लिहितो, त्याला मर्यादा घातलीच नव्हती. चूक करणारा आणि तपासणारा एकाच मातीचे, मग चूक पकडणार कोण? ३,९९९ च्या वर गेलं की सरळ नकार, असं केलं. रेग्युलर एक्स्प्रेशन आधी लिहिलेलं होतं म्हणून हे सापडलं, त्यामुळे ते टेस्टमध्ये तसंच ठेवलं आहे.

सुचवणीवर विसंबू नका. व्ही-एक्स ला ती ‘५ म्हणायचं होतं का’ विचारते, जे कोणालाच म्हणायचं नसतं. सुचवणी दाखवायची, आपोआप लावायची नाही.

१४ मार्च

१८७ पैकी पन्नासेक ओळी चुकीच्या नाहीतच. त्या जुन्या वळणाच्या आहेत.

आपण शाळेत शिकतो ते वजाबाकीचे नियम दगडावर कोरणाऱ्यांनी कधी फारसे मनावर घेतले नव्हते. रोमच्या कोलोसियमच्या ४४ क्रमांकाच्या दारावर एक्स-एल आणि पुढे चार आय आहेत. चाळीसला वजाबाकी, चारला बेरीज, एकाच आकड्यात दोन्ही. घड्याळाच्या तबकडीवरचे चार आय तर सगळ्यांनी पाहिलेले. लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी आर्चवर १९१० हे एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स असं आहे. उलट टोकाला, एक्सेलचं रोमन फंक्शन ४९९ पाच तऱ्हांनी लिहून देतं, आणि सगळ्यांत आखूड तऱ्हा म्हणजे नुसतं आय-डी.

आता ओळी तीन ढिगांत टाकते आहे: शुद्ध, जुनं वळण, आणि नाकारलेल्या. जुन्या वळणासाठी बदलांची छोटी यादी केली. चार आय दिसले तर आय-व्ही, चार सी दिसले तर सी-डी, वगैरे. बदल करून पुन्हा शुद्धतेची तपासणी.

यादीचा क्रम चुकला. चार सी चं सी-डी आधी केलं की १९१० चं होतं एम-डी-सी-डी-एक्स, जे तपासणीत नापास. आधी ‘डी आणि चार सी’ चं सी-एम करायला हवं, मग सुट्या चार सी कडे वळायचं. लांब तुकडा आधी, आखूड नंतर. तासभर हे दिसलंच नाही. नंतर कळलं की सेंट लुईस आर्ट म्युझियमच्या उत्तरेच्या दारावर १९०३ हे एम-डी-सी-डी-आय-आय-आय असंच लिहिलेलं आहे. माझ्या बगसारखाच आकडा, भल्या मोठ्या अक्षरांत. जरा धीर आला. अर्थात यादीचा क्रम दुरुस्त केलाच, आणि तसला आकडाही जुन्या वळणात घेतला.

१५ मार्च

एक्स-आय-आय-एक्स. हा आकडा फाइलमध्ये एकदाच आहे, पण त्याने अख्खा रविवार घेतला.

माझा प्रोग्राम याला २० म्हणतो. पहिला आय पुढच्या आयपेक्षा लहान नाही म्हणून मिळवला, दुसरा पुढच्या एक्सपेक्षा लहान म्हणून वजा केला, दोघे एकमेकांना खाऊन गेले. खरं उत्तर १८. टायपिंगची चूक समजून नाकारणार होते, पण हा अस्सल रोमन आकडा आहे. इ. स. ९ मध्ये जर्मनीतल्या ट्युटोबर्गच्या जंगलात रोमनांच्या तीन लीजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, कापल्या गेल्या. त्यात मेलेल्या मार्कस केलियस या सेंच्युरियनचा (रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याचा) स्मृतिदगड बॉनच्या संग्रहालयात आहे, आणि त्यावर अठराव्या लीजनचा आकडा असाच कोरलेला आहे.

लॅटिनमध्ये १८ ला शब्दच ‘विसाला दोन कमी’ अशा अर्थाचा आहे आणि १९ ला ‘विसाला एक कमी’. हे वाचलं आणि हसायला आलं. आपण एकोणीस म्हणतो, एकोणतीस म्हणतो, पार एकोणनव्वदपर्यंत एक उणे करत जातो, आणि नव्व्याण्णवला एकदम बेरजेवर येतो. मराठी आकडे वाचणारा प्रोग्राम लिहिताना कोणाचं तरी घोडं इथेच अडेल.

दुरुस्ती सोपी निघाली. डावीकडून नको, उजवीकडून वाचायचं. आतापर्यंत भेटलेलं सर्वांत मोठं अक्षर लक्षात ठेवायचं. हातातलं त्याहून लहान असेल तर वजा, नाहीतर मिळवा. शेवटचा एक्स १०, मग आय वजा, दुसरा आयही वजा, मग एक्स मिळवला, झाले १८. शेजाऱ्याकडे न बघता आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्याकडे बघायचं, एवढाच फरक. आणि यादीच्या शेवटी चिकटवलेलं ते शून्यही लागेनासं झालं. पहिल्यापासून असंच लिहायला हवं होतं.

सगळ्या टेस्ट पुन्हा चालवल्या. शुद्ध आकड्यांवर काहीच फरक नाही.

१८ मार्च

आज अक्षरांच्या भानगडी.

नऊ ओळी ‘अनोळखी अक्षर’ म्हणून पडल्या, पण स्क्रीनवर तर चक्क आय-व्ही दिसत होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या सांकेतिक यादीत, रोमन आकड्यांची स्वतंत्र अक्षरं आहेत, २१६० या सांकेतिक क्रमांकापासून पुढे. तिथे अख्खं ‘चार’ हे एकच अक्षर आहे, ‘बारा’ हेही एकच. एनएफकेसी पद्धतीचं नॉर्मलायझेशन (अशी खास अक्षरं साध्या रूपात आणणं) लावलं की त्याची साधी अक्षरं होतात. मात्र त्याच गटातली हजार, पाच हजार आणि दहा हजारची जुनी चिन्हं त्याने सुटत नाहीत, ती हाताने द्यावी लागतात.

तीन ओळींत एक्स आणि सी सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या) लिपीतले होते. डोळ्यांना फरक शून्य. अशा वेळी ‘अनोळखी अक्षर’ एवढाच संदेश देऊ नका, अक्षराचा सांकेतिक क्रमांकही छापा. मी छापत नव्हते, म्हणून चाळीस मिनिटं एकाच ओळीकडे बघत बसले.

आय वर टिंब नसलेलं तुर्की अक्षर मोठं केलं की पायथन त्याचा साधा आय करतो, आणि ते गुपचूप आत येतं. हे टेस्ट लिहिताना दिसलं, माझ्या फाइलमध्ये नाही. जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत उलट त्रास: मशीनची भाषा तुर्की असेल तर साधा छोटा आय मोठा करताना टिंबवाला होतो आणि तुमचा कोष्टकातला आय सापडतच नाही.

शेवटच्या आय च्या जागी ‘जे’ हे अक्षर लिहायची जुनी पद्धत होती, तशा सात ओळी मिळाल्या. हा ‘जे’ फक्त शेवटीच चालवला. जुन्या छापील पुस्तकांत हजारसाठी सी, आय आणि उलटा सी असा तीन खुणांचा गट यायचा, पाचशेसाठी आय आणि उलटा सी. स्कॅनमध्ये त्या उलट्या सी चा कधी कंस झालाय, कधी शून्य. फक्त कंस ओळखले. बाकीच्यांच्या मागे लागले नाही.

२२ मार्च

शीर्षकांमधूनही खंड क्रमांक शोधता येतील असं वाटलं. तीन तास घालवून नाद सोडला. इंग्रजी शीर्षकातला प्रत्येक सुटा आय ‘१’ होतो. सीडी ४०० होते, डॉक्टरांच्या नावापुढचं एमडी १,५०० होतं, आणि मिक्स हा शब्द १,००९. (संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या काल्पनिक संगणकाचं नाव मिक्स आहे, आणि त्यांनी ते १,००९ म्हणूनच मिरवलं. पुढच्या संगणकाला आणखी एक एम लावून २,००९ केलं.) सिव्हिल आणि माइल्ड हे शब्दही सगळे रोमन अक्षरांचेच, पण ते तरी तपासणीत पडतात. ठरवलं: प्रोग्राम फक्त रकाने वाचेल.

२५ मार्च

आकडे वाचणारं मूळ फंक्शन अकरा ओळींचं उरलं आहे. त्याच्या भोवतीचं सगळं मिळून १४० ओळी, टेस्ट वेगळ्या. वेळ सुमारे सत्तावीस तास. तयार लायब्ररी घेतली असती तर निम्मा वाचला असता. उरलेला निम्मा फाइलमध्ये गेलाय आणि तो कोणत्याही लायब्ररीने वाचवला नसता.

सोपवायच्या आधी सहज म्हणून प्रत्येक संचातला सर्वांत मोठा खंड क्रमांक काढून पाहिला. एका सहा खंडांच्या संचात खंड ५० निघाला. दुसऱ्या तीन खंडांच्या संचातही ५०. असे एकूण नऊ. मूळ मजकुरात तिथे छोटा एल आहे, एकच अक्षर, नियमाने निर्दोष, शुद्धच्या ढिगात.

स्कॅनची चित्रं उघडली. तिथेही एलच. मग लक्षात आलं: सूची टाइपरायटरवरची आहे आणि जुन्या बऱ्याच टाइपरायटरना एकची कळच नसायची. १ हवा असेल तर छोटा एल मारायचा. टंकलेखकाने या नऊ ओळींत रोमन लिहिलाच नव्हता, साधा १ लिहिला होता. ११ असतील तिथे दोन एल आले आणि ते नाकारलेल्यांत पडले म्हणून आधी कळले नाहीत.

नऊ ओळी हाताने दुरुस्त केल्या. दहावी एक आहे, तिथेही छोटा एल आहे, पण त्या मालिकेचे खरोखरच साठच्या वर खंड आहेत. संचातला १ ही गायब आहे आणि ५० ही. ती ओळ रिकामी ठेवून शेजारी ‘पुस्तक पाहून ठरवा’ असं लिहिलं आहे.